‘वीट’ म्हणजे गहू : शब्दांच्या ॲपचा वर्षभराचा अनुभव

परवा मेसेज आला की वर्षाचे 499 रुपये कापले जाणार, ऑटो रिन्यू. म्हटलं आता लिहूनच टाकतो. ॲपचं नाव घेत नाही, या पठडीतली सगळी सारखीच, अक्षर निवडायचं, त्या अक्षरापासून सुरू होणारे इंग्रजी शब्द, मराठी अर्थ, देवनागरीत उच्चार आणि शेजारी स्पीकरचं बटण. लेक सहावीला, सेमी इंग्लिश, तिच्यासाठी घेतलं. ए पासून यू पर्यंत तक्रार नाही, रोज दहा शब्द, झालं. भांडण लागलं ते व्ही आणि डब्ल्यूवरून.

आम्ही नाशिकचे. द्राक्षाचा वेल आणि द्राक्षाची दारू यातला फरक इथल्या शेंबड्या पोरालाही कळतो, ॲपला कळत नाही. व्हीच्या यादीत वाइन म्हणजे वेल, डब्ल्यूच्या यादीत वाइन म्हणजे दारू, स्पेलिंग वेगळं पण उच्चार दोन्हीकडे तोच. बंडीला वेस्ट, पश्चिमेलाही वेस्ट. व्हॅनला वैन! हिंदीवाली यादी उचलून अर्थ तेवढे मराठीत केलेत हे तिथेच कळतं. अहो आपल्याकडे व्ह आहे ना, व्हिडिओ लिहितो, व्होट लिहितो, मग तो वापरायला काय पैसे पडतात? (द्राक्षबागेला त्यांनी वाइनयार्ड लिहिलंय, खरा उच्चार व्हिन्यर्डच्या जवळ जातो, पण तो मलाही परवापर्यंत माहीत नव्हता, सोडून देतो.)

डोकं फिरलं ते गव्हापायी. उच्चार ‘व्हीट’ नाही, ‘वीट’, अर्थ गहू. लेक मोठ्याने घोकतेय, वीट म्हणजे गहू, वीट म्हणजे गहू, आणि स्वयंपाकघरातून माझी आई ओरडतेय, अगं वीट म्हणजे वीट. स्क्रीनशॉट काढून तीन मेल टाकले. दर वेळी तेच, तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. चौथ्यात लिहिलं की आता मलाच वीट आलाय. त्यालाही तेच उत्तर.

आता इथे माझं चुकलं, कबूल करतो. स्पीकरचं बटण मी कधी दाबलंच नव्हतं, नेट जातं म्हणून. एकदा दाबलं तर आतली बाई स्वच्छ ‘वीट’ म्हणाली! व्हाइटला वाइट, व्हीलला वील. मग शोधत बसलो. जुन्या इंग्रजीत हे शब्द आधी एच मग डब्ल्यू असे लिहायचे आणि तो ह बोलायचेही, फ्रान्सकडून आलेल्या नॉर्मन लेखनिकांच्या काळात अक्षरांची अदलाबदल झाली, आणि पुढे ह बहुतेकांच्या तोंडून गेलाच, स्कॉटलंड-आयर्लंडकडे अजून ऐकू येतो म्हणे. म्हणजे आपलं व्हीट, व्हाइट हे स्पेलिंग बघून लिहिलेलं. वर तोच व्ह आपण व्हॅनलाही लावतो, त्यामुळे आपल्या लिखाणात चाकही व्हील आणि वासराचं मांसही व्हील. थोडक्यात गव्हाच्या बाबतीत ॲप बरोबर, मी चूक. वेलाच्या बाबतीत मात्र मीच बरोबर, तिथे माघार नाही.

खरी गोष्ट ॲपने एका ओळीत सांगायला हवी होती. व्हीला वरचे दात खालच्या ओठाला लागतात, डब्ल्यूला दातांचं कामच नाही, ओठ शिट्टी मारल्यासारखे गोल. आपला व या दोघांच्या अधेमधे कुठेतरी, म्हणून घोळ. मी आणि लेक आरशासमोर उभे राहून व्हाइन-वाइन, व्हाइन-वाइन करत होतो तर आईने विचारलं, सकाळी सकाळी दारूचं काय लावलंय.

अजून एक. जखमेचा उच्चार ‘वाउंड’ दिलाय. बायको नर्स आहे, ती हसायलाच लागली, ते वूंड असतं, वाउंड म्हणजे गुंडाळलेलं. स्पेलिंग एकच हे खरं, पण मग वाऱ्याला विंड आणि गुंडाळण्याला वाइंड असे दोन्ही उच्चार दिलेत, तिथे जमलं, इथे का नाही?

बरं काही चांगलं आहेच. राँग, राइट, रिस्ट, ज्यात डब्ल्यू मुका, ते सगळे एकत्र दिलेत, हू आणि होल वेगळे काढलेत. बुधवारातला पहिला डी खायचा आणि वुमनचं अनेकवचन ‘विमिन’ होतं, म्हणजे स्पेलिंग मागे बदलतं आणि उच्चार पुढेही बदलतो, हे लेकीला तिथेच कळलं. त्याचे अर्धा स्टार जास्त देतो, एकूण अडीच.

रिन्यू बंद केलं. महिन्याला 42 रुपये पडतात, तेवढ्यात किलोभर वीट येतो, म्हणजे गहू. मुदत महिनाअखेरपर्यंत आहे म्हणून लेकीने व्ही-डब्ल्यू वहीत उतरवून घेतलेत, व्हीच्या प्रत्येक शब्दापुढे एक दात काढलाय. काल एक्स उघडलं. पहिलाच शब्द झायलोफोन, लिहिलाय जायलोफोन.