काटेक्स : सूत्र लाल झालं तर नशीबच समजा

डॉक्युमेंटेशनच्या वेब पानांवर गणिताची सूत्रं दाखवायला काटेक्स ही जावास्क्रिप्ट लायब्ररी वापरतोय. खान अकॅडमीने 2014 मध्ये आणलं, ओपन सोर्स आहे. स्पीडचं कौतुक सगळेच करतात आणि ते खरंही आहे, पण मला आवडतात याचे एरर मेसेज. महिरपी कंस एक जादा पडला की कितव्या अक्षराशी अडलंय ते आकड्यात सांगतं, आणि थ्रो-ऑन-एरर हे सेटिंग फॉल्स ठेवलं की बाकीचं पान नीट राहून तेवढंच सूत्र लाल दिसतं, वर माउस नेला की कारणही कळतं.

डोक्याला ताप देतात ती लाल न होणारी सूत्रं, आणि त्यात काटेक्सचा बिचाऱ्याचा काही दोष नसतो. मॅट्रिक्समध्ये ओळ संपवायला दोन बॅकस्लॅश देतो ना आपण, मार्कडाउन (साध्या खुणांनी लिहिलेल्या मजकुराचं वेब पान करणारी पद्धत) त्यातला एक गिळून टाकतं. मग ए बी वर आणि सी डी खाली यायच्या ऐवजी सगळं एकाच ओळीत येतं, बी आणि सी एकाच रकान्यात, आणि एरर शून्य, कारण उरलेला एक बॅकस्लॅश आणि स्पेस म्हणजे, सूत्रं ज्या भाषेत लिहितो त्या टेकच्या हिशोबाने, साधी मोकळी जागा! अंडरस्कोरचंही तेच, मार्कडाउनला वाटतं इटॅलिक हवंय, मधेच टॅग घुसवतं, पानातली सूत्रं शोधणाऱ्या काटेक्सच्या ऑटो-रेंडरला सूत्राच्या दोन्ही टोकांच्या डॉलर-चिन्हांची जोडी सापडतच नाही आणि पानावर कच्चे डॉलर दिसत राहतात.

पायथनच्या डॉकस्ट्रिंगमध्ये (कोडमध्येच लिहिलेल्या माहितीच्या मजकुरात) तर अजून मजा, बॅकस्लॅश थीटा लिहिलं की बॅकस्लॅश-टीचा टॅब होतो आणि पानावर नुसतं हीटा उरतं. स्ट्रिंगच्या आधी आर लावा, विषय संपला. म्हणून सूत्राशी झटापट करण्याआधी ब्राउझरमध्ये पेज सोर्स उघडून काटेक्सच्या हातात नक्की काय पडतंय ते बघायचं, निम्मे घोळ तिथेच दिसतात.

सूत्र दोनदा दिसतंय, एकदा नीट आणि एकदा वेडंवाकडं? काटेक्सची सीएसएस (पानाची मांडणी ठरवणारी फाइल) लोड झालेली नाही, दुसरं काही शोधत बसू नका.

तक्रार एकच, आणि ती मोठी आहे : लेबल-रेफ, म्हणजे समीकरणाला नाव देऊन त्याचा नंबर मजकुरात आपोआप आणायची सोय, चालत नाही, मजकुरातले नंबर हाताने लिहावे लागतात, मधे एक समीकरण घातलं की पुढचे सगळे बदलत बसा. ज्यांच्या डॉक्समध्ये "समीकरण 7 पाहा" टाइप वाक्यं पानोपानी आहेत त्यांनी सरळ मॅथजॅक्स ही याच कामाची दुसरी लायब्ररी घ्यावी. बाकीच्यांसाठी पाचपैकी चार.