तळव्याची जखम: ट्यूबमधलं जेल की रक्ताची जाळी?

मधुमेहातली तळव्याची जखम महिना-दीड महिना भरायचं नाव घेत नाही, तेव्हा ग्रोथ फॅक्टरचा, म्हणजे पेशींना वाढायला सांगणाऱ्या प्रथिनांचा विषय निघतो. मग त्याचं जेल लावायचं की पीआरएफ, म्हणजे आपल्याच रक्तातून काढलेली फायब्रिनची (रक्त गोठवणाऱ्या धाग्यांची) जाळी? डाव्या अंगठ्याखालच्या जखमेवर गेल्या पावसात मी दोन्ही करून पाहिलं.

जेल घरी लावता येतं. पीडीजीएफ या ग्रोथ फॅक्टरच्या जेलला थोडं गणित लागतं: जखमेची सेंटीमीटरमधली लांबी गुणिले रुंदी, भागिले चार, मोठ्या ट्यूबमधून तेवढे सेंटीमीटर जेल. बारा तासांनी धुवायचं, मग सलाइनची ओली पट्टी. आपला तळवा आपल्याला दिसत नाही, म्हणून हे खातं बायकोकडे गेलं. इथवर ठीक होतं.

अडलं फ्रिजपाशी. ट्यूब २ ते ८ अंशांत हवी, गोठलेलीही चालत नाही. आणि आमच्या डिचोलीत मृगाचा वारा सुटला की लाईट गेलीच. एकदा रात्रभर नव्हती. सकाळी दार उघडलं तर मासळीच्या डब्याखाली पाणी आणि सोलकढीच्या बाटलीला टेकलेली ट्यूब कोमट. औषध जिवंत आहे की मेलं, बघून कळत नाही. पुढे रोज लावताना तोच संशय. माझं मन तिथंच उडालं.

पीआरएफला आठवड्यातून एकदा पणजी गाठावी लागे. दहा मिली रक्त काढून, त्यात काहीही न मिसळता, लगेच यंत्रात फिरवतात. खरवसासारखा थरथरणारा पिवळट गोळा निघतो, तो दाबून चपटा करून जखमेवर ठेवतात. जुन्या जखमेतली एन्झाइम्स मोकळा ग्रोथ फॅक्टर लवकर खाऊन टाकतात. जाळीत अडकलेल्या प्लेटलेट्स तो थोडा थोडा, आठवडाभर सोडत राहतात. फ्रिजचा संबंधच नाही.

हिमोग्लोबिन किंवा प्लेटलेट्स कमी असतील, दर आठवड्याचा प्रवास झेपत नसेल, तर जेलच बरं. मेलेली कातडी काढणं, पायावर भार न देणं आणि साखर दोन्हीकडे सारखीच सांभाळावी लागते. माझी जखम जाळीवर भरली खरी, पण त्याच सुमारास मी बाजारात चालत जाणंही सोडलं होतं, तेव्हा सगळं श्रेय जाळीला देत नाही. तरी डॉक्टरांकडे आधी तिचीच चौकशी करा. जेलच ठरलं, तर इन्व्हर्टरवर फ्रिज चालवणारा शेजारी हेरून ठेवा.