हुर्डा पार्टीच्या नावाखाली आमची फसवणूक झाली, बुकिंग करण्याआधी हे वाचा

थंडी पडली की पुण्याच्या आसपास हुर्डा पार्टीच्या जाहिरातींचा पाऊस पडतो. यंदा तुम्ही कुठे जायचं ठरवत असाल, तर पैसे भरण्याआधी आमच्या बाबतीत काय झालं ते वाचा.

जाहिरातीत काय नव्हतं! आगटीवरचा, म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेला सुरती वाणाचा हुर्डा, बैलगाडीतून शिवारफेरी, चुलीवरचं पिठलं-भाकरी, "अस्सल शेतकरी कुटुंबाचं कृषी पर्यटन केंद्र". माणशी ९५० रुपये. सुरुवातीला निम्मी रक्कम मागितली, मग फोन आला, "ताई, रविवार फुल होत आलाय, पूर्ण पेमेंट केलंत तरच जागा धरून ठेवतो." पैसे केंद्राच्या नव्हे, कुणा एका माणसाच्या खात्यावर घेतले. पावती नाही, नुसता व्हॉट्सॲपवर 'कन्फर्म' असा मेसेज.

तिथे पोचलो तर समोर लग्नाचं लॉन. मांडव, स्पीकर, प्लास्टिकच्या खुर्च्या. कुंपणालगत ज्वारीच्या ताटांच्या चार ओळी होत्या, पण त्यांना कणसंच नव्हती. आगटी मात्र अगदी दर्शनी भागात. गोवऱ्या धुमसत होत्या आणि शेजारी एकजण लोकांचे फोटो काढून देत होता.

हुर्डा आला तो द्रोणांतून. माझ्या आईचं माहेर मंगळवेढ्याचं. ज्वारीचं कोठार म्हणून ओळखला जाणारा हा भाग, तिथल्या ज्वारीला भौगोलिक मानांकनही आहे. तिचं सगळं लहानपण हुर्ड्याच्या दिवसांत शेतावर गेलेलं. तिने चार दाणे तळहातावर घेतले, बोटाने दाबले आणि म्हणाली, "हा आज भाजलेला नाही गं." कोवळं कणीस निखाऱ्यात खुपसतात, बाहेर काढून गरम असतानाच हातावर चोळतात आणि कोंडा फुंकून टाकतात. चोळणाऱ्याचे हात काळे होतात, दाण्यावर कुठेकुठे करपल्याचे डाग राहतात, थोडा कोंडा दाताखाली येतोच. इथे सगळे दाणे एकसारखे हिरवे, ओलसर, वरून तेल-मिठात परतलेले आणि आतून गार. भाऊ पाणी आणायला मागच्या बाजूला गेला, तर तिथे डीप फ्रीझर आणि शेजारी हुर्ड्याच्या रिकाम्या पाकिटांचा ढीग.

फ्रोझन हुर्डा विकण्यात गैर काहीच नाही, कित्येकजण आवडीने घेतात. पण पाकिटातला हुर्डा शेतात भाजलेला म्हणून खपवायचा आणि त्याचे शेतावरच्या पाहुणचाराचे पैसे लावायचे, ही सरळ सरळ फसवणूक आहे. जेवणाचीही तीच तऱ्हा. चूल पेटलेली, वर रिकामं पातेलं, आणि पिठलं केटररच्या डब्यातून. बैलगाडीचे माणशी १०० रुपये वेगळे मागितले. पैसे परत मागितल्यावर उत्तर मिळालं, "जेवलात ना? मग परत कसले?"

मला जास्त राग येतो तो खऱ्या शेतकऱ्यांसाठी. हुर्ड्याचा प्लॉट करणारा शेतकरी सप्टेंबर-ऑक्टोबरात टप्प्याटप्प्याने पेरणी करतो, म्हणजे कोवळी कणसं जास्त दिवस मिळत राहतात. कणीस कोवळंच काढायचं म्हणजे पुढच्या धान्यावर पाणी सोडायचं. शिवाय पाखरं राखायची. बारामतीजवळच्या पळशीवाडीत पांडुरंग तावरे यांनी २००५च्या सुमारास कृषी पर्यटन सुरू केलं, ते शेतकऱ्याच्या घरात शेतीबरोबर आणखी चार पैसे यावेत म्हणून. आता ते पैसे लॉनवाल्यांच्या खिशात जातात आणि आमच्यासारखी माणसं पुढच्या वेळी खऱ्या केंद्राकडेही संशयाने बघतात.

राज्य सरकारने २०२० मध्ये कृषी पर्यटन धोरण आणलं. त्यानुसार केंद्रांची नोंदणी पर्यटन संचालनालयाकडे होते आणि प्रमाणपत्र मिळतं. ते मागाच, आणि त्यावरचं नाव-गाव नीट वाचा. आम्हाला नंतर पाठवलेल्या फोटोतलं प्रमाणपत्र दुसऱ्याच गावच्या केंद्राचं निघालं. फोनवर विचारा: पेरणी कधीची, वाण कोणतं, कणसं आज कोणत्या अवस्थेत आहेत? शेतकरी असेल तर तो उलट तुम्हालाच दहा गोष्टी सांगेल. आम्ही विचारलं तेव्हा पलीकडून फक्त "पॅकेजमध्ये सगळं आहे" एवढंच ऐकू येत होतं. शेतात उभं राहून व्हिडिओ कॉल करायला सांगा. आणि दिवाळीच्या आसपास कुणी 'शेतातला ताजा हुर्डा' देतो म्हणालं, तर रब्बीची ज्वारी तेव्हा अजून वाढत असते, हे लक्षात ठेवा.

पैसे घेऊन जागाच अस्तित्वात नसेल, तर लगेच १९३० वर सायबर तक्रार करा. आमच्यासारखं सांगितलं एक आणि दिलं भलतंच असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, पैसे भरल्याची नोंद आणि तिथले फोटो जपून ठेवा. १९१५ वर तक्रार गेल्यावर त्या माणसाने आम्हाला निम्मे पैसे परत केले. उरलेल्या पैशांसाठी जिल्हा ग्राहक आयोगात जातोय. वकील लागत नाही, पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला शुल्क नाही, आणि तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते.