अथणीच्या अण्णांनी शिवलेलं रिव्हॉल्व्हरचं होल्स्टर: दोन वर्षं वापरल्यावर

मी मराठा लाइट इन्फंट्रीतून नायब सुभेदार म्हणून निवृत्त झालो. आता बेळगावात एका सराफी पेढीवर रखवालीला असतो. महिन्यातून दोन-तीनदा मालकांबरोबर माल घेऊन निपाणी, संकेश्वरला जावं लागतं. कमरेला माझ्या स्वतःच्या लायसनचं .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर असतं, कानपूरच्या सरकारी कारखान्यातलं, सहा गोळ्यांचं. ज्यांच्याकडे असंच हत्यार आहे आणि जे होल्स्टर (कमरेला लावायचं हत्याराचं म्यान) शोधतायत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधीचं होल्स्टर ऑनलाइन मागवलेलं होतं. नायलॉनचं, तोंड उघडं, वर पट्टा नाही. 'झटक्यात हत्यार हातात' अशी त्याची जाहिरात होती आणि हत्यार झटक्यात यायचं हेही खरंच. पण एका रविवारी घरी नातवाची गाडी कॉटखालून काढायला वाकलो आणि रिव्हॉल्व्हर फरशीवर पडलं. बार उडाला नाही. नातू माझ्यापासून दोन हातांवर बसला होता. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि दुसऱ्या दिवशी ते होल्स्टर मी कात्रीनं कापून टाकलं, दुसऱ्या कुणाच्या कमरेला जाऊ नये म्हणून.

बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीला कोल्हापुरी चपला बनवणारी घरं पुष्कळ आहेत. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला, तेव्हा महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूरही त्यात आले, ते याच लोकांच्या हातामुळे. माझ्या ओळखीचे एक अण्णा तिथं चपला करतात. त्यांच्याकडे हत्यार घेऊन जायचं नाही हे मी आधीच ठरवलं होतं. गावातल्या सुताराकडून सागवानाचं, मापाला माप, लाकडी रिव्हॉल्व्हर करून घेतलं आणि तेच पिशवीत घालून बसनं गेलो.

अण्णांनी बाभळीची साल आणि हिरड्यानं कमावलेलं जाड चामडं काढलं, भिजवलं आणि त्या लाकडावर दाबून दोन दिवस वाळत ठेवलं. त्यामुळे गोळ्या भरायच्या चक्रीचा फुगवटा, चापाची कमान, सगळं चामड्यात उठलं. हत्यार आत बसतं ते त्या आकारामुळे. नुसतं उलटं धरलं तरी खाली येत नाही. चाप पूर्ण झाकलेला आहे, बाहेरून बोट कुठूनही आत जात नाही. वरचा पट्टा घोड्यावरून, म्हणजे गोळीवर आपटणाऱ्या मागच्या भागावरून, येतो आणि बटणानं लागतो. बटण लावलेलं असताना घोडा मागे जाऊच शकत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं काम मी सांगून करून घेतलं ते तोंडाचं. चामड्याचं होल्स्टर जुनं झालं की तोंड मऊ पडतं, काठ आत दुमडतो. हत्यार परत ठेवताना तो दुमडलेला काठ चापाच्या कमानीत शिरतो, आपण वरून दाबतो आणि गोळी स्वतःच्या मांडीत जाते. अपघात हत्यार काढतानाच होतात असं लोकांना वाटतं, पण परत ठेवतानाही ते होतात. म्हणून तोंडाच्या काठात पत्र्याची पट्टी घालून वरून चामडं शिवायला लावलं. दोन वर्षांनंतरही तोंड उघडंच्या उघडं आहे. २०२४च्या लोकसभेला रिव्हॉल्व्हर पोलीस ठाण्यात जमा होतं, तेवढे दिवस होल्स्टर खुंटीला रिकामं लटकत होतं. तरी आकार बदलला नाही.

आता वेगाचं. माझा पुतण्या मोबाइलवर फास्ट ड्रॉचे, म्हणजे झटक्यात हत्यार काढून बार मारायच्या स्पर्धांचे, व्हिडिओ बघतो आणि म्हणतो, "काका, पट्टा कशाला? तेवढ्यात समोरचा येतोय की." त्याचं म्हणणं मी मनावर घेतलं. गोळ्या दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवल्या, चक्री दोघांनी दोनदा बघितली, आणि भिंतीकडे तोंड करून त्याला मोबाइलवर वेळ लावायला सांगितली. जुन्या होल्स्टरसारखं, पट्टा सोडून, काढलं तेव्हा सरासरी १.७ सेकंद. पट्टा लावून २.३. म्हणजे अर्ध्या सेकंदाहून थोडा जास्त फरक, तोही माझ्या अठ्ठावन्न वर्षांच्या हाताचा.

अमेरिकेतले पोलीस प्रशिक्षक डेनिस ट्युलर यांनी १९८३ साली एक हिशेब मांडला होता: सुरा घेतलेला माणूस २१ फूट अंतर साधारण दीड सेकंदात कापतो. माझ्या दोन्ही वेळा त्याहून जास्त आहेत. मग त्या अर्ध्या सेकंदासाठी मी पट्टा का काढू? पेढीवर मी आता काउंटरच्या आडोशाला उभा राहतो आणि शटरची कळ हाताशी ठेवतो. वेळ मिळवायची ती अशी.

त्या व्हिडिओतल्या स्पर्धा मेणाच्या गोळ्यांवर किंवा नुसत्या बारावर चालतात, होल्स्टर पुढे झुकलेली असतात, मागे कुणी उभं नसतं. आणि साइट (नळीवरची नेम धरायची खूण) न बघता नुसतं रोखून मारायचं म्हणाल, तर ती विद्या शांघायच्या पोलिसांत विल्यम फेअरबेर्न यांनी अंधाऱ्या गल्ल्यांतल्या चार-सहा पावलांच्या चकमकींसाठी शिकवली. त्यांची माणसं पिस्तूल चेंबर रिकामं ठेवून, म्हणजे नळीच्या तोंडाशी गोळी न चढवता, बाळगत. काढल्यावर स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) ओढायची, मगच गोळी. ज्यांनी झटपट गोळीबार शिकवला त्यांनीही बाळगण्याचा धोका आधी बंद केला, हे पुतण्याला मी दोनदा सांगितलं. रिव्हॉल्व्हरला तशी स्लाइड नाही, चाप दाबला की गोळी सुटते. म्हणून सगळी भिस्त होल्स्टरवर. आणि आमच्या बाजारात संध्याकाळी समोरच्या माणसामागे दहा माणसं असतात. न बघता सुटलेली गोळी त्यातल्या कुणाला तरी लागणार. मी साइट बघूनच चापावर बोट नेणार, तोवर बोट बाहेर, आणि तेवढा वेळ जाणार असेल तर जाऊ दे.

उणिवा आहेत. जाड आहे, शर्टाखाली फुगवटा दिसतो. पहिले दोन महिने पट्ट्याचं बटण इतकं घट्ट होतं की अंगठा दुखायचा. पावसाळ्यात चामडं ओल धरतं आणि पितळी बटणाला हिरवा थर येतो. रात्री हत्यार त्यात ठेवायचं नाही, पुसून, तेलाचा हात देऊन कपाटातच ठेवायचं. मी एकदा चार दिवस आळस केला आणि नळीवर तांबूस ठिपके आले. आणि अण्णा घाई करत नाहीत. मी विचारलं की "निधान, निधान" (कन्नडमध्ये 'हळूहळू') म्हणायचे. पाच आठवडे लागले. किंमत २,२०० रुपये, लाकडी नमुन्याचे सुताराला दिलेले ३०० वेगळे.

२०१६च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी रिव्हॉल्व्हर होल्स्टरमध्ये किंवा तशाच आवरणात असलं पाहिजे, त्यामुळे होल्स्टर घ्यायचं तर आहेच. डावखुऱ्यांनी लाकडी नमुना नेतानाच तसं सांगावं; पट्ट्याची बाजू नंतर बदलता येत नाही. माझा सागवानी नमुना अण्णांच्या दुकानात खिळ्याला अडकवलेला आहे. कानपूरचं हेच रिव्हॉल्व्हर असेल तर तुमचं हत्यार घरीच ठेवा आणि तो नमुना मागून घ्या.