मराठी पावतीसाठी बिटमॅप फाँट की आउटलाइन फाँट?

दुकानाच्या पावतीवर देवनागरी छापायची असेल, तर अक्षराचा नमुना ठिपक्यांच्या चौकटीत (बिटमॅप) साठवायचा की वक्ररेषांच्या रूपात (आउटलाइन), हे आधी ठरवावे लागते, कारण पुढचा सगळा प्रोग्रॅम त्यावर बेततो. मी 58 मिलिमीटर कागदाच्या थर्मल (उष्णतेने छापणाऱ्या) प्रिंटरवर दोन्ही पद्धती वापरल्या आहेत. तेथे छपाईच्या 48 मिलिमीटर रुंदीत ओळीला 384 ठिपके मिळतात, म्हणजे मिलिमीटरला 8.

बिटमॅपसाठी मेमरीतल्या जागेची चिंता फारशी नको. 24×24 ठिपक्यांच्या एका आकृतीला 72 बाइट लागतात; जोडाक्षरांसह सातशे आकृत्या धरल्या, तरी हिशेब 50 किलोबाइटच्या आसपास राहतो.

अक्षर मोठे करण्यात मात्र आउटलाइन निर्विवाद सरस आहे. 1991 मध्ये आलेल्या ट्रूटाइप या आउटलाइन फाँटच्या प्रकारामध्ये वक्राचे बिंदू आधी हव्या त्या मापाला नेले जातात आणि मगच ठिपके भरले जातात, त्यामुळे ‘ळ’ची गोलाई कोणत्याही आकारात टिकते. बिटमॅप दुप्पट केला की त्याच गोलाईला पायऱ्या पडतात आणि अनुस्वार चौकोनी दिसू लागतो. दीडपट करणे तर टाळावेच. 16 ठिपक्यांचे अक्षर 24 वर नेले, की ठिपकाभर जाडीचा काना एका अक्षरात एकच ठिपका राहतो, शेजारच्या अक्षरात दोन होतो, आणि सगळी ओळ डागाळल्यासारखी दिसते.

तरीही माझा कौल बदलला तो ‘भ’ आणि ‘ध’ या दोन अक्षरांमुळे. त्यांना ‘म’ आणि ‘घ’ यांच्यापासून वेगळे ठेवते ती शिरोरेषेतली फट, आणि 24 ठिपक्यांच्या उंचीत ती जेमतेम एक-दोन ठिपक्यांची असते. प्रिंटरला करड्या छटा ठाऊक नाहीत. ठिपका एक तर काळा, नाही तर कोरा. आउटलाइनवरून ठिपके ठरवताना ती फट अरुंद होते, उष्णतेने ठिपका थोडा पसरला की उरलीसुरलीही बुजते, आणि ‘धणे’ ‘घणे’ होऊन बाहेर पडतात. हिंटिंगने, म्हणजे लहान मापात ठिपके कसे बसवायचे याच्या फाँटमधल्या सूचनांनी, हे सावरता येत असेलही, परंतु मी वापरलेल्या फाँटांत त्याचा भरवसा वाटला नाही. बिटमॅपमध्ये मी स्वतः ‘भ’ची फट तीन ठिपक्यांची केली, गाठ किंचित डावीकडे सरकवली, आणि तक्रार मिटली.

दुकानाचे नाव, मजकूर आणि बेरीज, एवढ्याच मापांत पावती भागत असेल, तर प्रत्येक मापाचा बिटमॅप हाताने नीट करून घ्यावा, असे मी नम्रपणे सुचवेन. नाव फारच मोठे हवे असेल, तर तेवढी एक ओळ आउटलाइनवरून चित्र म्हणून पाठवावी. त्या मापात फट आपोआप पुरेशी रुंद राहते.