जुन्या बाइकचं वायरिंग: टेस्ट लॅम्प की मल्टिमीटर?

जुन्या बुलेटचा किंवा आरएक्स १००चा लाइट गेला की संशय वायरवर जातो. खरा चोर बहुधा गंजलेला कपलर (वायरी जोडणारा प्लग), नाहीतर सैल अर्थिंग. इथे मल्टिमीटर चकवतो. एका तारेवर तग धरून असलेल्या वायरवरही तो १२.६ व्होल्ट दाखवेल, कारण त्याला करंट लागतच नाही म्हणा ना. बल्बचा टेस्ट लॅम्प करंट ओढतो, म्हणून मिणमिणतो. फ्यूज सारखा उडतोय? बाकी स्विच बंद करून फ्यूजच्या जागी तोच बल्ब लावा, हँडल वळवा, हार्नेस (वायरींचा जुडगा) हलवत जा. पेटलेला बल्ब जिथे विझेल तिथे शॉर्ट. (सहा व्होल्टच्या गाडीला बल्बही सहाचाच.)

मीटर हवा तो ब्रेक लाइट चालू ठेवून कपलरच्या दोन बाजूंमधला फरक तपासायला: अर्धा व्होल्ट दिसला तरी कपलर साफ करा. सीडीआयजवळ (स्पार्क प्लगची ठिणगी सांभाळणारा इलेक्ट्रॉनिक डबा) मात्र टेस्ट लॅम्प नेऊच नका.