वजनकाट्याच्या फायली शेल स्क्रिप्टनं शीटमध्ये – आठ महिन्यांचा अनुभव

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो मी, प्रोग्रामर वगैरे नाही. पॅकिंगला तीन काटे, प्रत्येक काटा दर शिफ्टला एक टेक्स्ट फाईल काढतो, म्हणजे रोज सकाळी सहा फायली उघडा, कॉपी करा, शीटमध्ये चिकटवा, तोवर चहा गार. दिवाळीच्या सुट्टीत बसून बॅशमध्ये (संगणकाला एकामागून एक कमांड द्यायची भाषा) पंचवीसेक ओळी लिहिल्या, ऑक नावाच्या कमांडनं कॉलम वेगळे करायचे, सगळं एका सीएसव्हीत (स्वल्पविरामानं कॉलम तोडलेली साधी फाईल) ओतायचं आणि लिब्रेऑफिस (एक्सेलसारखं फुकटचं सॉफ्टवेअर) हेडलेस, म्हणजे खिडकी न उघडता, चालवून त्याची एक्सएलएसएक्स शीट काढायची. ठरल्या वेळी काम आपोआप चालवणाऱ्या क्रॉनला सव्वाआठची वेळ लावली. खर्च शून्य.

पहिल्याच आठवड्यात शीटमध्ये सेकंडचा, म्हणजे 'बी' ग्रेडचा, माल पण शून्य! शेठ खूश. सुपरवायझर अण्णा मात्र म्हणाले, "काय ओ, मागं गठ्ठे पडलेत ते काय फ्रेश हायत का?" झालेलं असं की काट्याच्या फाईलमध्ये विंडोजच्या पद्धतीनं ओळीच्या शेवटी एक न दिसणारं कॅरेज रिटर्न असतं, ग्रेड नेमका शेवटचा कॉलम, त्यामुळं 'बी'ला 'बी' जुळतच नव्हतं. टीआर कमांडनं ते उडवलं, मिटलं. पण एरर एक पण आला नव्हता, ते जास्त लागलं मला.

जानेवारीत गड्ड्याला (सिद्धेश्वर यात्रा) कारखाना बंद, फायलीच नाहीत, तर स्क्रिप्ट 'तारा डॉट टीएक्सटी' (*.txt, म्हणजे खरं तर 'सगळ्या टेक्स्ट फायली') नावाचीच फाईल शोधत बसली. बॅशचं नलग्लॉब सेटिंग (फाईल नसली तर काहीच घेऊ नको) चालू केल्यावर गप्प झाली.

खरा ताप शीटचा आहे, स्क्रिप्टचा नाही. शीटला वाटतं आपल्याला सगळं कळतं. लॉट ००४७ चा ४७ केला, शेडचा (रंगछटेचा) कोड '२ई४' होता त्याचे वीस हजार केले, आणि डिस्पॅचवाला फोन करून विचारतोय ही कुठली शेड बे? यावर उपाय म्हणजे लिब्रेऑफिसला इनफिल्टरमध्ये (फाईल कशी वाचायची ते सांगायचा पर्याय) '४४,३४,७६,१,२/२/३/२' द्यायचं, ४४ स्वल्पविराम, ३४ अवतरणचिन्ह, ७६ यूटीएफ-८ ही अक्षरांची पद्धत, पहिल्या ओळीपासून, आणि दुसरा-तिसरा कॉलम मजकूर म्हणूनच घे. हे शोधायला दोन रविवार गेले माझे.

शीट एक्सेलच्या जुन्या एक्सएलएस प्रकारात काढू नका, ६५,५३६ ओळींपुढं त्यात जागाच नाही. २०२० मध्ये इंग्लंडात त्यापायी कोरोनाच्या १५,८४१ केसेस वेळेवर मोजल्या गेल्या नव्हत्या. एक्सएलएसएक्सला १०,४८,५७६ ओळी आहेत, आपल्याला जन्मभर पुरतील.

अजून एक, लिब्रेऑफिस आधीच उघडं असलं तर हेडलेस काही करतच नाही, त्याला वेगळं प्रोफाईल फोल्डर (त्याची सेटिंग ठेवायची जागा) द्या.

आता एक चेक वाढवलाय, ज्या ओळीत पाच कॉलम नाहीत ती दिसली की शीट बनवायचंच नाही. मागच्या महिन्यात दोनदा नाही बनलं. दोन्ही वेळा रात्री लाईट गेली होती आणि काट्यानं फाईल अर्धीच लिहून सोडलेली, मग अण्णांची वही घेऊन बसलो.